पाहून ओळखणारा माणूस

"हा फोटो तुमचा नाही," खिडकीमागचा कारकून म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

धाकटीने काचेला नाक लागेपर्यंत वाकून पाहिलं. पडद्यावर थोरली होती. चष्मा काढून ठेवलेली, भांग दुसऱ्याच बाजूला पाडलेली, ओठ मिटून हसू दाबत असलेली थोरली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचा एकही फोटो धाकटीपाशी नव्हता. ध्यानीमनी नसताना ती अशी समोर उभी राहिली, तेव्हा धाकटीच्या तोंडून नुसतं "अगं" एवढंच निघालं.

"ओळखता ह्यांना?"

"ही थोरली."

"तुमची बहीण का?"

"नाही. आम्ही एका खुर्चीवर होतो."

कारकुनाने कानावरची पेन्सिल काढली, कपाळ खाजवलं आणि ती पुन्हा कानावर ठेवली. त्याला सर्दी झाली होती आणि मागे रांग वाढत होती. तरी तो वसकन अंगावर आला नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

"हे बघा बाई, तुमच्या सरकारी ओळखपत्रावर तुम्ही आहात. फंडाच्या फाइलीत मात्र ह्या आहेत. बरं, ह्याच चेहऱ्याच्या बाई पूर्वी एकदा दुसऱ्या नावाने आपला फंड घेऊन गेल्या आहेत. आता ह्याच नोकरीचा फंड मागायला तुम्ही आलात. मग नोकरी नक्की कोणी केली, ते मला कळायला नको?"

"दोघींनी केली."

"आणि फोटो एकीनेच काढला?"

"हो," धाकटी म्हणाली. जे खरं होतं ते नाकारून काय करणार?

कारकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. बाई लबाड आहे की भोळी, याचा त्याला अंदाज येईना. शेवटी त्याने खणातून एक छापील कागद काढला आणि खिडकीखालच्या फटीतून पुढे सरकवला. "तुमच्या कंपनीतला कोणीही एक माणूस शोधा. आत्ता नोकरीत असलेला असो नाहीतर निवृत्त झालेला. घरचा माणूस चालणार नाही. त्याने इथे सही करायची, की मी या बाईंना पाहून ओळखतो. तेवढं आणा, म्हणजे तुमचा फोटो लावून पैसे मोकळे करतो."

"पाहून?"

"मग काय, न पाहता ओळखणार आहे कोणी?" असं म्हणून तो शिंकला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

आता ह्या थोरली-धाकटीचं प्रकरण काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या दोघी ऑपरेटर होत्या. बाहेरून आलेला फोन आत कोणाला हवा ते विचारून जोडून द्यायचा, आतल्याला बाहेरचा नंबर लावून द्यायचा, हे त्यांचं काम. एकीचा आवाज जरा घोगरा होता आणि दुसरीचा कोवळा, म्हणून कंपनीने त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई अशी नावं पाडली. खरी नावं पगारपत्रकात पडून राहिली. धाकटी नोकरीतून बाहेर पडली तेव्हा तिचे केस पार पांढरे झाले होते, पण ती धाकटीच राहिली. नाव बदलून घ्यायला अर्ज कोणाकडे करायचा, हे काही तिला कोणी सांगितलं नाही.

एक्स्चेंजच्या बायकांना कंपनीचा एक विचित्र नियम होता. त्यांच्या कानावर सगळ्यांचं सगळं पडणार. कोणाचं कर्ज थकलंय, कोणाचं घरी बिनसलंय, कोणाला कामावरून काढायचं ठरलंय. अशा बायका कँटीनमध्ये चार जणींत बसल्या, तर एखादीच्या तोंडून काहीतरी निसटणारच. म्हणून त्यांनी कँटीनमध्ये यायचं नाही, खात्यांमधून हिंडायचं नाही. एक्स्चेंजची खोली मधल्या मजल्यावर, तिला मागून वेगळा लोखंडी जिना, दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी. सगळे यायच्या आत ह्यांनी टेलिफोनच्या बोर्डापाशी बसायचं आणि सगळे गेल्यावर निघायचं. डबा तिथेच खायचा, एकीने खाताना दुसरीने बोर्ड सांभाळायचा. पगाराचं पाकीटसुद्धा दाराच्या फटीतून आत यायचं. तिथे राब राब राबणाऱ्या शेकडो माणसांनी रोज त्यांचा आवाज ऐकला आणि एकानेही त्यांचं तोंड पाहिलं नाही. ऐकलेलं पोटात ठेवायचं, या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, हे त्या दोघींच्या इतकं अंगवळणी पडलं, की पुढे पुढे त्या एकमेकींशीही कमीच बोलायच्या. पण हसायच्या मात्र पुष्कळ.

फोटोची गोष्ट त्या हसण्यातलीच. कंपनीने एकदा सगळ्यांचे फोटो काढायचे ठरवले, ओळखपत्रासाठी आणि फंडासाठी. कँटीनच्या भिंतीवर पांढरी चादर ठोकली आणि फोटोवाला बसवला. बोर्ड तर सोडता येत नाही, म्हणून आधी थोरली गेली. ती परत आली की धाकटीने जायचं होतं. पण त्या दिवशी बोर्डाला उसंत अशी मिळेचना, आणि खाली फोटोवाला तर सामान आवरायला लागलेला. तेव्हा थोरलीने चष्मा काढला, भांग बदलला आणि धाकटीचा नंबर सांगून ती पुन्हा चादरीपुढे उभी राहिली. कोणाला कळायचं कारणच नव्हतं. ना ही कोणी पाहिलेली, ना ती. वर येऊन तिने खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाली, "तुझं काम उरकून आले गं. कोण बघतंय आपल्याला?" दोघी इतक्या हसल्या की एका साहेबाचा फोन दुसऱ्याच साहेबाला जोडला गेला. पुढे नोकरीभर धाकटीने थोरलीचं तोंड असलेलं कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि खरोखरच कोणी बघितलं नाही.

थोरली आधी निवृत्त झाली. तिच्यानंतर खुर्ची एकीचीच राहिली. एके दिवशी दुपारी बाहेरून फोन आला, एका माणसाला कर्मचारी विभाग हवा होता. धाकटीने जोडून दिला. जोडताना पलीकडचं एक वाक्य नेहमीच कानावर पडायचं, तसंच तेही पडलं. "माझी आई तुमच्याकडे एक्स्चेंजमध्ये होती, ती काल रात्री गेली," तो माणूस म्हणत होता. धाकटीने कानावरचा हेडफोन बाजूला केला. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं. तिच्यापुढे बोर्डावर चार दिवे लुकलुकत होते, तिने एकेक फोन घेतला. संध्याकाळी लोखंडी जिन्यावर बसून ती रडली, तेव्हा कंपनीत कोणी उरलं नव्हतं.

मग एक्स्चेंजच बंद झालं. फोन उचलायला यंत्र आलं, धाकटीचं ओळखपत्र जमा करून घेतलं आणि तिला फुलं देऊन मोकळं केलं. फुलंही दारापाशीच ठेवलेली होती.

ती राहायची ती एकच खोली, वरच्या मजल्यावर, भाड्याची. दिवसभर शेकडो आवाज ऐकून आल्यावर जिथे एकही आवाज नाही अशी जागा, म्हणून तिला ती प्राणापलीकडे प्यारी. आता घरमालकीण घर विकायला निघाली होती. म्हातारी मायाळू होती. ती म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं राहिलात, खोली तुम्हालाच देते. पण महिनाअखेरपर्यंत पैसे आणा बाई, माझा मुलगा नुसता खनपटीला बसलाय." फंडाचे पैसे आले असते तर खोली तिची झाली असती. नाहीतर पुतण्याकडे जायचं.

पुतण्या काही वाईट नव्हता. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "आत्या, कशाला ह्या वयात हेलपाटे घालतेस? आमच्याकडे ये. गॅलरीला काच लावून तुझी झोपायची सोय करतो."

"गॅलरीत तुमचं कपडे धुवायचं मशीन आहे ना रे?"

"ते राहील एका कोपऱ्यात. तुझी काय अडचण आहे त्याला?"

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून धाकटीला रागही धड आला नाही. तिने विचार करते म्हणून सांगितलं आणि छापील कागद पुन्हा एकदा वाचला. पाहून ओळखतो. एवढ्या मोठ्या कंपनीत एक माणूस मिळणार नाही?

दुसऱ्या दिवशी ती कंपनीत गेली. पुढच्या दाराने. या दाराने आत जायची तिची ही पहिलीच वेळ. तिथल्या मुलीने तिला बसायला सांगितलं आणि ती बसून ऐकू लागली. जिन्यावरून कोणीतरी मोठ्यांदा बोलत येत होतं, ट्रक अजून का लागला नाही म्हणून कोणाला तरी फैलावर घेत होतं. धाकटीचे डोळे आपोआप मिटले. हा माल पाठवण्याच्या खात्यातला. बायकोशी भांडण झालं की दर अर्ध्या तासाने घरी फोन लावायला सांगायचा आणि बायको दर वेळी आपटून ठेवायची. "आणखी एकदाच लावा हो धाकट्या बाई," असं काकुळतीला येऊन म्हणायचा.

तो समोरून गेला. टकला, ठेंगणा, कोपरावर ठिगळ लावलेला माणूस. इतक्या जाड आवाजाचा माणूस एवढासा असेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती उठली आणि त्याच्या मागून म्हणाली, "हॅलो, एक्स्चेंज. बोला."

तो जागच्या जागी थबकला. वळला तो तिच्याकडे नाही, आधी भिंतीवरच्या फोनकडे. मग तिच्याकडे.

"धाकट्या बाई?"

"हो."

त्याने हातातले कागद बाकावर टाकले आणि ओरडून आतल्यांना बोलावलं. हिशेब खात्यातला एक आला, भांडारातली एक बाई आली, रंगखात्यातला एक हात पुसत आला. ज्याला त्याला तिने आवाजावरून ओळखलं आणि जो तो चकित झाला. काय काय निघालं त्या पाच मिनिटांत. भांडारातल्या बाईला आईच्या ऑपरेशनच्या दिवशी हिने दर तासाला दवाखाना लावून दिला होता. आपल्याला मुलगा झाला, हे हिशेबवाल्याला आधी हिच्या तोंडून कळलं होतं. रंगखात्यातला म्हणाला, "साहेब बोंबलत होते तेव्हा तुम्ही लाइन व्यस्त आहे असं सांगून माझी नोकरी वाचवलीत." सगळे हसले. कोणीतरी चहा मागवला. धाकटीला इतकं भरून आलं की तिला वाटलं, कागद काढायचीही गरज नाही, हे आपणहून सही करतील.

तिने कागद काढला. माल पाठवणाऱ्याने तो हातभर लांब धरून वाचला, आणि त्याचा जाड आवाज बारीक झाला.

"पाहून ओळखतो, असं आहे हो हे."

"हो."

"आवाज म्हणाल तर झोपेतून उठवलं तरी ओळखीन. पण पाहिलं म्हणाल तर बाई, आत्ताच पाहतोय." त्याने इतरांकडे पाहिलं. हिशेबवाला कपात चमचा ढवळू लागला, कप केव्हाच रिकामा झाला होता तरी. "गेल्या वर्षी एकाने अशीच कोणासाठी तरी सही केली. चौकशी लागली त्याच्यामागे. आणि माझाही फंड आता दोन वर्षांवर आलाय."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. त्याचं चूक नव्हतंच.

"तुम्ही असं करा," भांडारातली बाई म्हणाली, "कर्मचारी विभागात नवा साहेब आलाय, त्याच्यापुढे ठेवा. तो डोळे मिटून सगळ्यावर सही करतो. बघतसुद्धा नाही."

"नको," धाकटी म्हणाली. "मला ओळखणाऱ्याची सही हवी."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच हसू आलं. भीक मागायला आलेल्या माणसाने निवड करावी तसं झालं हे. पण एकदा बोलली ती बोलली. एवढी वर्षं त्या खुर्चीत काढली, तर निदान एका माणसाने तरी खरंखुरं म्हणावं, की हो, ही ती. पैशापेक्षा आता तिला त्याच गोष्टीचा ध्यास लागला. चहा संपला, ज्याला त्याला काम आठवलं, आणि माल पाठवणारा तिला फाटकापर्यंत सोडायला आला. तिथे उभं राहून तो म्हणाला, "एकदा म्हणा ना हो ते, जोडून देते." तिने म्हटलं. तो मान हलवत आत गेला.

मग उरले मोठे साहेब. कंपनीचे जुने व्यवस्थापक. निवृत्त होऊन घरी बसलेले. नोकरीत असल्यापासून रोज दुपारी तीनच्या सुमारास ते एक्स्चेंजला फोन करून एकच शब्द बोलायचे, "लावा." आणि धाकटी त्यांच्या धाकट्या भावाचा नंबर लावून द्यायची. त्या भावाशी साहेबांचा घरावरून उभा दावा होता. जगात दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, घरच्यांनाही वाटायचं की विस्तव जात नाही. आणि रोज दुपारी दोघं लहानपणीच्या गप्पा मारायचे. ही गोष्ट तीन माणसांना ठाऊक होती, त्यातली एक धाकटी.

तिने आधी फोन केला. "हॅलो" म्हणायचा अवकाश, पलीकडून साहेब म्हणाले, "धाकट्या बाई. इतके दिवस कुठे होता तुम्ही?" त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून तिच्या जिवात जीव आला. साहेब म्हणाले, काय असेल ते काम होईल, उद्याच या.

सुनेने दार उघडलं. साहेब खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल घेऊन. धाकटी पुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं आणि तिला दिसलं की त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच सावरलं, बसा म्हणाले, पण माणसाचा चेहरा उतरलेला कळायला काही शिकावं लागत नाही.

"तुम्हीच का त्या?"

"मीच साहेब."

"मला वाटलं होतं," ते म्हणाले आणि थांबले. "मला आपलं वाटायचं, तुम्ही उंच असाल. केस वगैरे असे नसतील." ते ओशाळून हसले. "म्हाताऱ्याचं काही मनावर घेऊ नका."

इकडचं तिकडचं बोलणं निघालं, पण गाडं पुढे सरकेना. साहेब तिच्याकडे बघायचे आणि गप्प व्हायचे. तिने कागद काढायला पर्स उघडली, तेवढ्यात ते चाचरत म्हणाले, "बाई, एक सांगू? तुम्ही जरा त्या आतल्या खोलीत बसाल? दार लोटून घ्या. आणि तिथून बोला."

धाकटीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तरी ती उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आत एक इस्त्रीचं टेबल आणि दुमडलेल्या चादरींचा ढीग होता. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "हॅलो, एक्स्चेंज. बोला साहेब."

"हां," बाहेरून आवाज आला. "आता कसं."

आणि मग साहेब बोलायला लागले. कंपनीचं बोलले, गुडघ्यांचं बोलले, मग आवाज खाली आणून भावाचं बोलले. तो मागच्या वर्षी गेला. दावा अजून चालू होता, म्हणून ह्यांना त्याला पोचवायलाही जाता आलं नाही. घरात कोणाला सांगणार, की माझा रोज दुपारचा भाऊ गेला म्हणून? "तीन वाजले की हात फोनकडे जातो हो अजून. पण लावणार कोणाला?"

"खरं आहे साहेब."

"तुम्ही ऐकायचात का आमचं बोलणं?"

"नाही साहेब," ती म्हणाली. एकदाच ऐकलं होतं. दोघं भाऊ कुठल्याशा कुत्र्याच्या पिल्लाचं नाव आठवत होते आणि आठवेना म्हणून भांडत होते. पण ते तिने सांगितलं नाही, कारण न ऐकण्याचाच तर तिला पगार होता.

बराच वेळ असं चाललं. मग साहेब दमले. दाराशी येऊन ती निघते म्हणाली, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहतच मान हलवली. "राग मानू नका. तुम्ही गेलात की हा चेहरा मी विसरून जाईन. मला ती दुसरी धाकटी लागते, संध्याकाळ काढायला. आणि हो, तुमचं काम काय होतं?"

कागद तिच्या पर्समध्ये होता. पाहून ओळखतो. जो माणूस तिला पाहायलाच नको म्हणत होता, त्याच्यापुढे तो धरायचा कसा? "काही नाही साहेब," ती म्हणाली. "तुमची चौकशी करायला आले होते."

घरी येईपर्यंत तिने स्वतःला धरून ठेवलं. मग खोलीत, दार लावून, खुर्चीत बसून ती हमसून हमसून रडली. आपल्याला कोणी ओळखत नाही याचं दुःख तिला नवं नव्हतं. ती सवय होती. पण थोरलीने म्हटलेलं ते "कोण बघतंय आपल्याला" तेव्हा गमतीचं होतं, कारण बघायला थोरली होती. एकमेकींच्या चेहऱ्याच्या साक्षीदार त्या दोघीच. एक गेली आणि दुसरीला आता पुराव्यासाठी दारोदार हिंडावं लागत होतं. खालून घरमालकिणीच्या मुलाचा कोणाला तरी खोल्या दाखवतानाचा आवाज येत होता. वरचीसुद्धा लवकरच रिकामी होईल, असं तो सांगत होता.

दोन दिवसांनी महिना संपणार होता. धाकटी सकाळी उठली, तोंड धुतलं, आणि हट्ट घरीच सोडून कंपनीत गेली. कर्मचारी विभागाचा अंतर्गत नंबर ती झोपेतही सांगू शकली असती, पण जिना मात्र तिला शिपायाने दाखवला.

तिथला नवा साहेब तरुण होता. टेबलावर कागदांचे ढीग आणि फोन मान वाकडी करून खांद्याने धरलेला. शिपायाने तिचा कागद ढिगावर ठेवला. साहेबाने फोनवर "हो, हो, त्याचं मी बघतो" असं म्हणत तो ओढला, तिच्या ओळखपत्राची प्रत उलटी की सुलटी हेही न बघता कागदाला टाचली, शिपायाने बोट ठेवलं तिथे सही ठोकली, शिक्का मारला, आपल्या ओळखपत्राची प्रत जोडली आणि कागद टेबलाच्या कडेला सरकवला. तोपर्यंत त्याचा हात पुढच्या कागदावर गेलाही होता. एखादा फोन जोडायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

मी या बाईंना पाहून ओळखतो. त्याखाली सही, अगदी झोकदार.

झालं होतं. आता हा कागद त्या सर्दीवाल्या कारकुनाला दिला की खोली तिची होणार होती. गॅलरी नको, काच नको, मशीन नको. तिने कागद उचलला. पण पाय काही दाराकडे वळेनात.

"साहेब," ती म्हणाली.

"झालंय बाई तुमचं. फंडाच्या ऑफिसात द्या."

"हो. पण एकदा बघा."

"काय राहिलं?" त्याने हात पुढे केला. "दाखवा."

"कागदात काही राहिलं नाही. माझ्याकडे बघा. तुम्ही सही केलीत ना, पाहून ओळखतो म्हणून? मग एकदा पाहून घ्या."

शिपाई दचकला. साहेबाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने खांद्यावरचा फोन हातात घेतला, "एक मिनिट" म्हणाला आणि मान वर केली.

आधी त्याच्या नजरेत वैताग होता. धाकटी हलली नाही. तिने चेहऱ्यावर हसू आणलं नाही, केस सारखे केले नाहीत. जशी होती तशी उभी राहिली: ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हनुवटीवर तीळ असलेली, हेडफोनच्या पट्टीने डाव्या कानामागे कायमचा वळ पडलेली बाई. तो बघत राहिला. हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी गेली आणि त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. तरी त्याने नजर काढून घेतली नाही, त्याबद्दल धाकटीला पुढे कायम त्याचं चांगलंच वाटलं.

"कुठल्या खात्यात होता तुम्ही?" त्याने विचारलं.

"एक्स्चेंजमध्ये."

"ते काय होतं?"

"फोन जोडायचो आम्ही. एकाचा दुसऱ्याला."

"बरं. आणि मग?"

"मग आम्ही बाजूला व्हायचं."

त्याच्या हातातल्या फोनमधून बारीक आवाजात कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

"तुमचा माणूस थांबलाय," धाकटी म्हणाली. तिने कागद पर्समध्ये ठेवला, बाहेर आली आणि दार हलकेच ओढून घेतलं.